लेओफ्रूनची उजवी बाजू

फार वर्षांपूर्वी, इतक्या वर्षांपूर्वी की तेव्हाची झाडंसुद्धा आता उरली नाहीत, समुद्रापलीकडच्या एका थंड बेटावर सॅक्सन लोकांची लहान लहान गावं होती. आज तिथं इंग्लंड आहे. त्यातल्या एका गावाचं नाव त्यांच्या बोलीत 'मधाचा ओढा' असं काहीतरी होतं. आपण मधओढा म्हणू. तिथं लेओफ्रून नावाची बाई राहायची. नाव जिभेवर बसत नसेल तर राहू दे, गावातली पोरंही तिला नुसती मधवाली म्हणायची.

ओढ्याकाठी तिच्या गवताच्या पालथ्या टोपल्या होत्या आणि त्यांत मधमाश्या. ती माश्यांशी बोलायची. माश्याही तिच्याशी बोलायच्या, असं म्हणतात. ते खरं की खोटं देव जाणे. पण तिला कधी माशी चावली नाही, हे तिच्याशी भांडणाऱ्या बायकासुद्धा कबूल करायच्या.

आता देव म्हणाल, तर तेव्हा गावात देवच बदलत होते. जुना वोडेन, एका डोळ्याचा, लढणाऱ्यांचा. नवा क्रुसावरचा, दुरून आलेल्या साधूंनी आणलेला. मधओढ्याची माणसं हुशार, दोन्ही डगरींवर पाय ठेवून होती. मेणबत्त्यांचं मेण नव्या देवाला, मधाची दारू जुन्याच्या नावानं. लेओफ्रूनचा मध दोन्हीकडे खपायचा, तिला काय! पण एका गोष्टीत गावात कुणाचं दुमत नव्हतं. दिलेला शब्द मोडायचा नाही. देव एक वेळ माफ करेल, शब्द करणार नाही.

लढाईला निघण्याआधी सगळे शिपाई सरदाराच्या मोठ्या लाकडी बैठकघरात जमायचे. घरातली बाई मधाच्या दारूचा पेला घेऊन एकेकासमोर जायची. पेला हातात घ्यायचा, उभं राहायचं आणि सगळ्यांच्या देखत शब्द द्यायचा. शब्द ठरलेला असायचा. सरदार पडला तर मीही त्याच्या शेजारी पडेन, पाठ दाखवून घरी येणार नाही. जो आला त्याला गावात विस्तव नाही, भाकरी नाही, कुणी नावानं हाक मारायची नाही.

त्या वर्षी समुद्रावरून शत्रूच्या होड्या आल्या. सरदार वेर्मुंडची बायको नुकतीच वारली होती, म्हणून पेला फिरवायला लेओफ्रूनला बोलावलं. मध तिचाच होता ना. पेला फिरत फिरत तिच्या एकुलत्या एक मुलापाशी, विबापाशी आला. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं पोराच्या. पण उठला, छाती काढली आणि सगळ्यांसारखा शब्द दिला. आईचा जीव कसा झाला असेल, तुम्हीच बघा.

पेला रिकामा व्हायला आला तेव्हा तिनं तो खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मीपण शब्द देते."

बायका पेला द्यायच्या, शब्द द्यायच्या नाहीत. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"जो परत येईल त्याला माझ्या चुलीशी जागा," ती म्हणाली. "जिंकून येवो, हरून येवो, कसाही येवो. मी त्याला दारातून हाकलणार नाही." आणि उरलेला घोट पिऊन टाकला.

मग काय हसले सगळे! हरून कोण येणार आहे? विबाचे कान लाल झाले. "आई, घरी जा गं," तो पुटपुटला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याला तेही सगळ्यांदेखत आवडलं नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. नदीच्या मुखाशी वेर्मुंड पडला आणि त्याच्या भोवती त्याची माणसं पडली. बैलगाड्यांतून प्रेतं गावात आली. लेओफ्रूननं आपल्या लेकराला स्वतः आंघोळ घातली. त्याला एकच जखम होती, उजव्या बरगडीखाली. ती कितीतरी वेळ त्या जखमेवर हात ठेवून बसली होती. गाड्यांत एक माणूस तेवढा नव्हता, टिल्बर्ट. तो पळाला हे गावाला कळलं. पण कोण कुणाशेजारी उभं होतं, हे सांगायला कुणी उरलंच नव्हतं.

काही दिवसांनी भर दुपारी टिल्बर्ट रानातून बाहेर आला. सख्ख्या भावानं त्याच्या तोंडावर दार लावलं. गल्लीतून चालला तर माणसं पाठ फिरवून उभी राहिली. शेवटी तो ओढ्याकाठच्या दारात येऊन थांबला. आत यायचंही धाडस त्याला होईना.

लेओफ्रूननं त्याच्याकडे बघितलं. आपला विबा मातीत आणि हा उभा! तिला वाटलं, दार लावावं. वाटणारच हो, ती काय दगडाची होती? पण शब्द दिला होता. तिनं त्याला चुलीशी बसवलं, भाकरी कापली, वर मध घातला.

"मावशी, आधी माझं ऐक," तो म्हणाला.

"आधी खा."

तो खाताना रडत होता. खाऊन झाल्यावर बोलला. "आम्ही ढालीला ढाल लावून उभे होतो. ढाल डाव्या हातात असते, मावशी. ती आपल्याला अर्धी झाकते आणि डावीकडच्याला अर्धी झाकते. माझ्या डाव्या हाताला विबा होता." तो चुलीकडे बघत म्हणाला, "मी भ्यालो. दुसरं काही नाही. मी भ्यालो आणि पळालो."

लेओफ्रूनची सुरी भाकरीतच राहिली. उजव्या बरगडीखालची ती जखम आता तिला कळली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. सगळं गाव दगड घेऊन आलं होतं, आणि पुढं हुना लोहार. त्याच्या दोन मुलांची प्रेतंही त्याच बैलगाड्यांतून आली होती.

"लेओफ्रून, बाजूला हो! त्याला बाहेर काढ."

ती उंबऱ्यावर आली. तिनं नुसतं बाजूला व्हायचं होतं, बस. कुणी तिला नाव ठेवलं नसतं. मागं वळून तिनं एकदा टिल्बर्टकडे पाहिलं.

"माझ्या पोरानं शब्द पाळला," ती म्हणाली, "मग मी का मोडू? माझ्या पोरापेक्षा मी हलकी का?"

हुनानं दगड फेकला. तो नेम चुकून मधाच्या टोपलीवर बसला आणि टोपली फुटली. माश्यांचा लोट असा उसळला की ऊन झाकलं गेलं. माणसं ओरडत मागं हटली. लेओफ्रूननं अंगणातली मूठभर माती उचलली, माश्यांवर उधळली आणि हाक दिली, "खाली या गं बायांनो. राग गिळा. घर फुटलं तरी आपल्याला इथंच राहायचं आहे."

आणि माश्या खाली आल्या. टिल्बर्ट उठून अंगणात आला होता, सगळ्या त्याच्या अंगावर उतरल्या, असं म्हणतात. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत त्याला चिलखत घातल्यासारखं झालं आणि एकही माशी चावली नाही. तो डोळे मिटून उभा राहिला. या खेपेला पळाला नाही.

हुनाच्या हातातला दुसरा दगड गळून पडला. तो तिथंच मातीत बसला आणि मुलांच्या नावानं रडला. लढाईनंतर पहिल्यांदाच रडला.

संध्याकाळी माश्या नव्या टोपलीत गेल्या. लेओफ्रून विबाला पुरलं होतं तिथं दिवा लावायला निघाली. टिल्बर्ट मागं मागं येत होता. ती थांबली.

"मागून येऊ नकोस. आणि मी तुला माफ केलंय असंही समजू नकोस," ती म्हणाली. "माझ्या उजवीकडून चाल. माझी ती बाजू उघडी पडली आहे."

तेव्हापासून ती जिथं जाईल तिथं तो तिच्या उजवीकडून चालला. बाजाराला, ओढ्याला, रानात. ती थकली तशी त्याच्या डाव्या हाताचा आधार घेऊ लागली. माफ केलं का, ते तिनं कधी सांगितलं नाही. पण शेवटच्या आजारात तिनं त्याला "बाळा" म्हणून हाक मारली होती, असं म्हणतात. तिला मातीला नेलं तेव्हा म्हातारा झालेला टिल्बर्ट तिरडीच्या उजवीकडून चालला आणि माश्या वरून चालल्या.

आता वोडेन गेला, सरदार गेले, लाकडी बैठकघर गेलं. कोण जिंकलं होतं तेही मधओढ्यात कुणाला आठवत नाही. पण तिथं कुणाच्या घरचं माणूस गेलं आणि मागं राहिलेलं दुःखी माणूस पहिल्यांदा घराबाहेर पडलं, की शेजारपाजारचं कुणीतरी हातातलं काम टाकून येतं आणि त्याच्या उजवीकडून चालू लागतं. कुणी काही विचारत नाही, समजूत घालत नाही. बाजारापर्यंत जातात, परत घरापर्यंत येतात. दारात पोचल्यावर ते माणूस आत जाऊन मध लावलेली भाकरी घेऊन येतं, आणि दोघं उंबऱ्यावर बसून ती अर्धी अर्धी खातात.