मथुराबाईंनी उचललेलं दार

गुळाचा खडा पुढं केला आणि नको म्हणालं, असं पोर तुम्ही कधी पाहिलंय का?

फार वर्षांपूर्वी आपल्या करंजसोंडेत अशी पोरं होती. तेव्हा शाळा आबासाहेबांनी दिलेल्या छपराखाली भरायची आणि शिकवायला एकट्या मथुराबाई होत्या. बुटक्या, सावळ्या, बोलायला मऊ. त्यांनी हातात कधी छडी धरली नाही, असं म्हणतात.

आबासाहेबांचं मोठं गुऱ्हाळ होतं. शाळा सुटताना सगळ्या मुलांना त्यांच्याकडचा गूळ मिळे. तो आणायला रोज एका मुलानं त्यांच्या घरच्या गुळाच्या कोठीवर जायचं. याला गुळाची पाळी म्हणत. ज्याची पाळी असे, त्याला आई धुतलेले कपडे घालून पाठवी. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी आपल्या पोराला मान मिळतो, असं गावाला वाटे. बाईंनाही तसंच वाटे.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. पाळी करून आलेली काही मुलं गूळ वाटायची, पण स्वतः तोंडात घालायची नाहीत. वेणू तर हजेरीलाही बोलेनाशी झाली. नाव पुकारलं की नुसती पाटीकडं बघे. आणि एके दिवशी पुन्हा तिचीच पाळी आली.

बाई तिला पाटी धुवायला विहिरीवर घेऊन गेल्या. पाटी घासता घासता, तिच्या तोंडाकडं न बघता त्यांनी विचारलं, "वेणू, तुला गूळ का गं आवडेनासा झाला?"

बाई उत्तराची घाई न करता पाटी घासत राहिल्या. मग वेणू म्हणाली, "आबासाहेब दाराला आतनं कडी लावत्यात. अंगाला कुठंबी हात लावत्यात. सांगितलंस तर शाळा बंद करीन म्हणत्यात."

"बरं केलंस सांगितलंस. तुझं काही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आज पाळी माझी."

त्या कोठीकडं निघाल्या. वाटेत विचारेल त्याला, तिथं पोरांना काय सोसावं लागतं ते सांगत गेल्या, तसं गाव मागं आलं. तात्या शिंपी हसून म्हणाला, "बाई, पोरीचं काय मनावर घेताय? उद्या म्हणंल, माझ्या शेळीनं अंडं घातलं. आवं, शाळेवर छप्पर हाय ते आबासाहेबांचं."

"छप्पर गेलं तर झाडाखाली बसू, तात्या," बाई म्हणाल्या. "पोर गेलं तर काय करू?"

कोठीचं दार सागवानी होतं. ते बसवायला चार गडी लागले होते. बाईंनी दाराखाली हात घातले आणि गूळ न खाणाऱ्या एकेका मुलाचं नाव घेतलं. प्रत्येक नावाला दार थोडं थोडं वर आलं, असं म्हणतात. वेणूचं नाव घेतलं आणि ते चौकटीतून सुटलं. बाईंनी ते डोक्यावर घेतलं आणि शाळेजवळच्या करंजाच्या झाडाकडं चालू लागल्या.

मग गर्दीतून एक आई म्हणाली, "माझा दगडूबी गूळ खाईत न्हाई." दुसरीनं आपल्या पोराला जवळ ओढलं. तात्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तोच पुढं झाला. माणसांनी कोठीत बसलेल्या आबासाहेबांना तालुक्याला नेऊन फौजदाराच्या हवाली केलं. ते पुन्हा गावात आले नाहीत.

ते दार अजून करंजाखाली आडवं पडलेलं आहे. इतके पावसाळे झाले, पण त्याला वाळवी लागली नाही, असं म्हणतात. एखादं मूल त्यावर येऊन बसलं, की जवळचं मोठं माणूस हातातलं काम ठेवून त्याच्याशेजारी बसतं, मध्ये न बोलता ऐकतं आणि ते खरं धरून पुढचं करायला उठतं. आपल्या शाळेच्या एकाही खोलीला आतून कडी नाही. मुलांना कामाला पाठवायचं तर जोडीनं पाठवतात. मथुराबाईंच्या नावानं दर वर्षी नवा गूळ वाटतात तो उघड्यावर, आणि एखादं पोर नको म्हणालं, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसतंच.

आणि वेणू?

दार निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा करंजाखाली भरली. बाईंनी हजेरी घेतली. वेणूचं नाव आलं, तेव्हा ती "हजर" म्हणाली.