बिघडलेल्या गुळाची रीत

एका गावात एक गुऱ्हाळ होतं. ऊस तोडणीला आला की तिथलं चुलवाण पेटायचं आणि पुढचे चार महिने मोठ्या काहिलीत रस उकळत राहायचा. मालक सोडून तिथे अकरा माणसं कामाला होती. त्यांत दोघं महत्त्वाची. एक जळव्या, म्हणजे चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळली चिपाडं आत सारणारा आणि जाळ राखणारा. दुसरा गुळव्या. शिजता रस नेमका कधी उतरवायचा, हे त्यालाच कळायचं. जरा आधी उतरवला तर गूळ चिकट राहतो, जरा उशीर झाला तर करपतो.

या गुऱ्हाळात मजुरी रोज मिळत नसे, आठवड्यालाही मिळत नसे. दोन वेळची भाकरी मालकाकडे आणि मजुरी हंगामाच्या शेवटी एकदम. "हातात पैसा आला की उडतोय. माझ्याकडं ऱ्हाऊ दे, जपून ऱ्हाईल," असं मालक म्हणायचा आणि सगळ्यांना ते पटायचं. माणूस आपला पैसा चोरापासून जपतो, शेजाऱ्यापासून जपतो, सख्ख्या भावापासूनही जपतो आणि मालकाकडे मात्र खुशाल ठेवून येतो. हसू नका. तुम्हीही कधीतरी ठेवला असेल.

गुळव्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. हंगामात तो दोन्ही पोरींना बहिणीकडे ठेवायचा. बहीण मायेची होती, पण तिचा नवरा पोरींच्या ताटातल्या भाकरी मोजायचा. हंगामाची मजुरी हाती आली की वर्षाची ज्वारी भरायची आणि पोरींना घरी आणायचं, एवढं एकच गुळव्याच्या मनात होतं. धाकटीला त्याने तसा शब्दही दिला होता.

हंगाम संपायला तीन दिवस उरले. गुळव्या सकाळी विहिरीवरून तोंड धुऊन आला, तर त्याची वळकटी चिपाडांच्या ढिगाजवळ बाहेर टाकलेली.

"मालक, ह्ये काय?" त्याने विचारलं.

"कालचा गूळ बिगडला. तुझं काम संपलं. आता तू जा," मालक म्हणाला.

"बिगडला? मला दावा तरी कुठाय त्यो गूळ."

"इकून टाकला."

"मग माजी चार महिन्यांची मजुरी?"

"गूळ बिगडल्यावर कसली मजुरी?"

खरी गोष्ट अशी, की गूळ उत्तम झाला होता. पण गुळव्याची मजुरी सगळ्यांत जास्त आणि काहिली उतरवायच्या राहिल्या होत्या तीनच. तेवढ्या जळव्यानेही उतरवल्या असत्या, चार वर्षं तो जवळून बघतच होता. एवढा साधा हिशोब मालकाने केला.

गुळव्या चावडीवर पाटलाकडे गेला. पाटील वाईट माणूस नव्हता. दरवर्षी गुऱ्हाळातून त्याच्या घरी पहिली ढेप जायची, एवढंच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साक्षीदार आण. उद्या सकाळी दोघांचंबी ऐकतो."

गुळव्या भर दुपारी चुलवाणापाशी आला. जळव्या घामाने निथळत होता. चार वर्षं दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली होती.

"काल गुळाच्या ढेपेला तूच हात लावलास. चांगला हुता का न्हाई?" गुळव्याने विचारलं.

"चांगलाच हुता की."

"मग उद्या तेवडं सांग. दुसरं काय नको."

"सांगतो. त्यात काय एवडं?" जळव्या म्हणाला.

गुळव्या गेला आणि मालक आला. मालक जळव्याच्या शेजारी जमिनीवर बसला. चार वर्षांत तो पहिल्यांदाच असा बसला होता. "उद्यापासनं काहिलीवर तू. पुढल्या साली गुळव्याची मजुरी तुला," तो म्हणाला. "उद्या चावडीवर पाटील एक रीत इचारतील. 'हाय' म्हणायचं, बास."

जळव्या दुपारभर विचार करत राहिला. आपण कुणाला चोर म्हणणार नाही, कुणाचं वाईट बोलणार नाही, आणि एका शब्दाने असं काय होणार आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. अशा वेळी समजूत फार पटकन पटते.

दुसऱ्या दिवशी सगळे चावडीवर जमले. पाटलाने विचारलं, "परवाचा गूळ बिगडला हुता का?"

"मी चुलीम्होरं असतोय. मला तिथनं दिसत न्हाई," जळव्या खाली बघत म्हणाला.

गुळव्या पुढे झाला. मग तो पाटलाला म्हणाला, "बिगडलेला गूळ इकत कुणी घेतला? आन् बाजारात इचारलं तर पुऱ्या भावानं गेला म्हनत्यात, त्यो कसा? येवडं तरी मालकाला इचारा."

"येवहाराचं मला सांगू नको," पाटील म्हणाला आणि पुन्हा जळव्याकडे वळला. "गूळ बिगडला तर हंगामाची मजुरी बुडती, अशी रीत हाय का तुमच्यात?"

अशी रीत नव्हती. त्या गावात नव्हती, शेजारच्या गावात नव्हती, कुणाच्या आजोबांनीही ऐकली नव्हती. जळव्याने मालकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाय."

"बाकीच्यांचं काय म्हणणं?" पाटलाने विचारलं. मागे नऊ जण उभे होते. प्रत्येकाची मजुरी मालकाकडे अडकलेली. एकजण पायातला काटा बघू लागला, एकजण खोकला. बोललं कुणीच नाही. कुलकर्ण्याने रीत चावडीच्या वहीत लिहून घेतली आणि खाली जळव्याचा अंगठा घेतला.

गुळव्या वळकटी उचलून रिकाम्या हाताने गेला.

जळव्या काहिलीवर उभा राहिला. पहिल्या दिवशी कसंबसं निभावलं. दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. बघणं वेगळं आणि उतरवणं वेगळं, शिवाय चुलीपुढे आता त्याच्यासारखा जाळ राखणारा कुणी नव्हता. रस तळाला लागला आणि सगळी काहील करपली. या वेळी गूळ खरोखरच बिघडला.

मालकाने तोंड पाडलं, पण ते त्याला नीट जमलं नाही. एका काहिलीचं नुकसान झालं होतं आणि दहा जणांची चार महिन्यांची मजुरी वाचली होती. "गूळ काय एकल्याचा नसतो, समद्यांचे हात लागत्यात," तो म्हणाला. "रीत तुमीच सांगितली. आता आपापल्या घरला जावा."

दहाही जण चावडीवर धावले. आता सगळ्यांना वाचा फुटली होती. पाटलाने वही उघडली आणि बोट ठेवलं. "हा अंगठा कुणाचा?"

जळव्या रडकुंडीला आला. "पाटील, मी खोटं बोललो. अशी रीतच न्हाई."

"तवा खोटं बोललास का आता बोलतुयास, ह्ये मला कसं कळावं? दुसरा कुणी साक्षीदार असंल तर आण."

जळव्या तीन कोस चालत गुळव्याच्या गावी गेला. गुळव्या दारात एकटाच बसला होता. पोरी बहिणीकडेच होत्या. जळव्याने पाय धरले आणि सगळं सांगितलं. गुळव्याने ऐकून घेतलं. मग उठला, पायात वहाणा घातल्या आणि त्याच्याबरोबर निघाला. मला विचाराल तर त्याने जायला नको होतं. पण तो गेला, कारण बाकीच्या नऊ जणांच्या घरीही पोरं होती.

चावडीवर तो स्पष्ट बोलला, "अशी रीत कदीच नव्हती."

पाटलाने मान हलवली. "ह्या रितीनं तुझीच मजुरी गेली. तू तिच्या इरुद्धच बोलणार. तुझी साक्ष धरता येत न्हाई." आणि त्याने वही मिटली.

चावडीच्या पायऱ्यांवर जळव्या म्हणाला, "मला माफ कर."

"केलं," गुळव्या म्हणाला. "पर धाकटीला मी शब्द दिलाय. तिला जाऊन काय सांगू, त्ये तू सांग."



पुढच्या हंगामात आसपासच्या सगळ्या गुऱ्हाळांनी ती रीत उचलली. दरवर्षी कुठे ना कुठे, नेमका हंगामाच्या शेवटी, गूळ बिघडू लागला. नव्याने कामाला आलेला कुणी विचारायचा, ही रीत कुठून आली? तेव्हा म्हातारे मजूरच त्याला सांगायचे, "आजा-पणजापास्नं हाय बाबा. चालत आलीया."

तात्पर्य, ज्याला पटेल त्याने घ्यावं: सोबत्याची मजुरी बुडत असताना जो 'हो' म्हणतो, आणि जो मागे उभा राहून नुसता खोकतो, ते दोघेही आपल्याच मजुरीवर पाणी सोडत असतात. नंतर खरं बोलून ती परत मिळत नाही.