लेकीच्या मागे धावलेला वातजव

फार पूर्वी भद्रवती नगरात पद्मसेन राजा सुखाने राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने त्याच्या पागेत घोड्याचा जन्म घेतला होता. नाव वातजव. वसंतोत्सवाच्या शर्यतीत तो उतरला की बाकीच्या घोड्यांना फक्त त्याची शेपटी दिसायची. रीत अशी होती, की जो घोडा कधीच हरला नाही त्याने सोन्याच्या परातीत दाणा खावा आणि सर्वांआधी पाणी प्यावे. पुढे राजाने त्याच्यापासून पैदास करायची ठरवली, आणि रोहिणी नावाच्या घोडीला चपला ही लेक झाली.

आता पागेचा मुख्य होता कुंभक नावाचा, माणूस भला, पण त्याच्या लाडाला काही सीमा? अजिंक्य घोड्याची लेक, तिच्या पायाला खडा कसा लागू द्यायचा! चपला जन्मली त्या दिवसापासून त्याने तिच्या पायांखाली घोंगड्या अंथरल्या. ती जाईल तिथे मोतद्दार घोंगड्या घेऊन पुढे धावत. चपला गुटगुटीत झाली, देखणी झाली, आणि पळायची वेळ आली तेव्हा चार ढांगा टाकून मटकन खाली बसली.

राजा हिरमुसला. "वातजवाच्या रक्तात खोट असणे शक्य नाही," तो म्हणाला. "दोष आईचा. रोहिणीला मिठाच्या तांड्याला देऊन टाका."

तांड्याबरोबर गेलेले जनावर परत येत नसे, हे पागेत सर्वांना ठाऊक होते. रोहिणी लेकीला चाटत उभी राहिली.

त्या काळी माणसांना जनावरांचे बोलणे समजत असे. बोधिसत्त्व पुढे आला. "महाराज, दोष आईचा नाही आणि रक्ताचाही नाही. दोष घोंगडीचा आहे. पुढच्या वसंतोत्सवापर्यंत चपलेला आणि रोहिणीला माझ्याजवळ राहू द्या. लेक मला शर्यतीत हरवील. नाही हरवले, तर रोहिणीबरोबर माझ्याही पाठीवर मिठाची गोणी टाका."

कुंभकाने कपाळाला हात लावला. "अरे, वेडा की काय तू! जिंकलास तर गोणी, हरलास तर परात गेली. तुला काय मिळणार?"

"रोहिणी घरी राहील," बोधिसत्त्व म्हणाला.

"आणि मुद्दाम हळू पळालास तर?" राजाने विचारले.

"खोटे पळणे मला जमत नाही, महाराज."

राजाने होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व लेकीला नदीकाठच्या गोट्यांवर घेऊन गेला. "बाबा, टोचतंय!" ती रडकुंडीला आली. "टोचू दे. चल," तो म्हणाला. पावसाळा सरेपर्यंत खूर टणक झाले, छाती भरली. पण एक नवेच खूळ निघाले. बापाच्या बरोबरीला आली की ही आपली पाय आवरायची.

"तुमच्या पुढे कशी जाऊ, बाबा? बरं दिसतं का ते?"

बोधिसत्त्व खदखदून हसला. "अगं वेडे, इतकी वर्षे मीच पुढे. पुढे पळणारा मागून कसा दिसतो, ते मी अजून पाहिलेलेच नाही. तेवढे दाखव की मला!"

वसंतोत्सव आला. कुंपणाशी रोहिणी उभी, पलीकडे तांडा गोण्या बांधून तयार. बोधिसत्त्व होता नव्हता तेवढा जोर लावून पळाला, आणि शेवटच्या वळणापर्यंत तोच पुढे होता. मग चपलेने मान खाली घातली, कान पाडले आणि बापाला मागे टाकले!

तिच्या टापांची धूळ त्याच्या नाकातोंडात गेली. आणि तो काय खिंकाळला म्हणता! "पाहिलीत का माझी लेक? पाहिलीत का?" असे विचारत तो खुणेचा खांब ओलांडून पळतच सुटला. कुंभकाने आपले पागोटे उडवले, राजाने गळ्यातला हार चपलेला घातला, आणि मिठाचा तांडा रिकाम्या हाताने निघून गेला. संध्याकाळी सर्वांचे पाणी पिऊन झाल्यावर बोधिसत्त्व मागून आला आणि रोहिणीशेजारी उभा राहून पोटभर पाणी प्याला.

ही हकिकत भिक्षूंच्या सभेत सांगून शास्ते भगवान म्हणाले, "तो राजा म्हणजे इथे बसलेले स्थविर सुदेष्ण. कुंभक म्हणजे शिष्यांना उन्हात जाऊ न देणारे आपले भिक्षू वप्पिल. रोहिणी आणि चपला म्हणजे भिक्षुणी सोमदत्ता आणि तिची शिष्या उत्पला. आणि लेकीची धूळ खात धावणारा तो वातजव मीच होतो. दुसरा आपल्या पुढे गेला म्हणून जो असा खिंकाळतो, त्याच्या आनंदाला मुदिता म्हणतात."