सात घरांचं पीठ

एक गाव होतं, डोंगराच्या पायथ्याचं. त्या गावात एक म्हातारा होता. गाव म्हटलं की म्हातारे असायचेच, पण हा जरा हट्टी. नाव नथानियेल. एवढं लांब नाव घ्यायला गावाला सवड कुठली? सगळे त्याला नाथाबा म्हणायचे.

ओढ्यापलीकडे ख्रिस्ती मंडळींची चाळीस घरं होती आणि त्यांचं पत्र्याचं छोटं चर्च होतं. त्यांचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तालुक्याला राहायचे. त्यांच्याकडे चार गावं, म्हणून या गावाच्या वाट्याला ते महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत एक भाकर मोडून सगळ्यांनी वाटून खायचा विधी, असायचं, आणि त्याच्या भाकरीची इथली एक रीत होती. भाकर एका घरच्या पिठाची चालायची नाही. आदल्या दिवशी डबा घेऊन चाळीस दारं फिरायची, प्रत्येक दारातून पाच बोटांत मावेल एवढं गव्हाचं पीठ घ्यायचं आणि त्यातून एकच जाड भाकर भाजायची. कुणाकडे दाणा नसला तर शेजारीण त्याच्या नावाची चिमूट टाकायची, पण घर चुकायचं नाही.

तीस वर्षं हे काम नाथाबाची बायको सालोमीबाई करत होती. ती गेली आणि डबा नाथाबाच्या हातात आला. सुरुवातीला त्याला भाकर जमेना. पहिल्या दोन तर अशा निघाल्या, की पाळकसाहेबांना मोडता मोडेनात. पण म्हातारा हटला नाही, शिकला.

त्याला एकच दुःख होतं. मंडळींची दफनभूमी गावाबाहेर, उघड्या माळावर होती. तिला ना भिंत, ना कुंपण. शेळ्या कबरींवर चरायच्या. वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी तर वळसा वाचवायला तिच्या कोपऱ्यातूनच वाट पाडली होती. सालोमीबाई त्याच कोपऱ्यात पुरलेली. तिच्या कबरीवरचा क्रूस दोनदा मोडला, दोनदा नाथाबानं तो नवा करून रोवला. तिसऱ्यांदा मोडला तेव्हा म्हातारा तिथेच धुळीत बसून रडला. भिंत होईपर्यंत मला मरायचं नाही, असं तो उघड म्हणायचा.

अशात आमदारकीची निवडणूक लागली.

एकीकडे घागर निशाणीचे अप्पासाहेब, दुसरीकडे छत्री निशाणीचे बापूसाहेब. दोघंही गोड बोलायचे, दोघंही हात जोडायचे. निवडणुकीत हात जोडायला काय लागतं म्हणा! पण अप्पासाहेब एके दिवशी ओढा ओलांडून स्वतः नाथाबाच्या ओट्यावर येऊन बसले, कपातला चहा त्यांनी संपवला, आणि म्हणाले, "बाबा, निवडून आलो की सहा महिन्यांत दफनभूमीला दगडी भिंत. पण मंडळींची मतं एक पाहिजेत. किती आहेत?"

"एकशेवीस," नाथाबा म्हणाला.

"त्यातली फुटतील किती?"

"एकही नाही. माझा शब्द."

झालं! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. चाळीस घरांना न विचारता म्हातारा चाळीस घरांचा शब्द देऊन मोकळा झाला. त्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही. भिंत मंडळींची, मंडळी देवाची, म्हणजे हे देवाचंच काम, असा त्याचा सरळ हिशेब. पुढच्या प्रार्थनासभेत त्यानं उभं राहून सांगूनही टाकलं, "घागरीला मत म्हणजे प्रभूच्या कामाला मत."

तेहतीस घरांनी माना डोलावल्या. सात घरांनी मात्र डोलावल्या नाहीत.

त्या सातांत पुढे होती रिबकाबाई. शिवणकाम करून पोट भरणारी विधवा, आणि जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. नाथाबा तिच्या दारी गेला, समजावून पाहिलं.

रिबकाबाई म्हणाली, "माझे मालक दवाखान्यात होते तेव्हा बापूसाहेब तीनदा आले. रक्त मिळत नव्हतं, त्यांनी माणसं आणून उभी केली. मालक वाचले नाहीत, ते सोडा. पण मी छत्रीलाच मत देणार."

"आणि भिंत?"

"भिंत पाहिजेच की. पण तिच्यासाठी प्रभूचं नाव घागरीला चिकटवायचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

खरं टोचलं की माणूस रागावतो, तसा नाथाबा रागावला. बाकीच्या सहा घरांतही त्याला तेच ऐकायला मिळालं. मतदान बुधवारी होतं. त्याच्या आधीच्या रविवारी प्रभुभोजन आलं होतं, आणि अप्पासाहेब त्या दिवशी उपासनेला येऊन बसणार होते. एक झालेली मंडळी त्यांना डोळ्यांनी पाहायची होती.

शनिवारी नाथाबा डबा घेऊन निघाला. सलाम करत, चिमूट चिमूट घेत तो रिबकाबाईच्या दारापर्यंत आला. ती पाच बोटांत पीठ धरून उंबऱ्यावर उभीच होती. नाथाबानं तिच्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"या खेपेला तुमचं पीठ नको," तो म्हणाला. "जे मंडळींबरोबर नाहीत, त्यांचं पीठ मंडळींच्या भाकरीत कशाला?"

रिबकाबाई एरवी एकाला चार ऐकवणारी. पण आज ती तशीच उभी राहिली, बोटांत पीठ धरून. नाथाबा पुढे गेला आणि उरलेल्या सहा घरांवरूनही तसाच सरळ चालत गेला.

घरी येऊन त्यानं कणीक मळली, भाकर भाजली. चांगली फुगली, चांगली शेकली. डब्यात निम्मं पीठ उरलं, ते त्यानं झाकून ठेवलं. आपण काही चूक केली असं त्याला वाटलं नाही, निदान तो स्वतःला तसं सांगत राहिला.

रविवारी चर्च भरलं. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर अप्पासाहेब बसले, बाजूला त्यांचा कार्यकर्ता मोबाईल घेऊन उभा. मंडळी सतरंज्यांवर होती. नाथाबानं मान वळवून पाहिलं, तर सगळ्यांत मागच्या सतरंजीवर रिबकाबाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली, आणि तिच्या आजूबाजूला ती सहाही घरं. ती माणसं येणार नाहीत असं त्यानं धरलं होतं. आली होती. पीठ नाकारलं तरी आली होती.

गायन झालं, उपदेश झाला. पाळकसाहेबांना या भानगडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मेजावरचं फडकं काढलं, भाकर दोन्ही हातांत उचलली आणि मोडण्याआधी दर वेळी विचारायचे तसं विचारलं, "ही भाकर कुणाची?"

यावर भाजणाऱ्यानं उभं राहून म्हणायचं, 'सगळ्या घरांची.' दोनच शब्द. सालोमीबाई तीस वर्षं ते म्हणत आली, नाथाबा चार वर्षं म्हणत होता. म्हणायचं, बसायचं, पुढचं गीत सुरू. आज म्हटले असते तरी कोण उठून भांडणार होतं? मागच्या सात घरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. अप्पासाहेब खूश झाले असते. भिंत झाली असती.

नाथाबा उभा राहिला.

"सगळ्या..." एवढं म्हणून तो थांबला. त्यानं अप्पासाहेबांकडे पाहिलं, मग मेजाकडे पाहिलं. ट्रॅक्टरच्या चाकांनी मोडलेला क्रूस त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याला फार वाईट वाटलं, कारण आता आपण काय बोलणार हे त्याला कळून चुकलं होतं.

"सगळ्या घरांची नाही, पाळकसाहेब," तो म्हणाला. "सात घरं मी वगळली. ती छत्रीला मत देणार आहेत म्हणून वगळली. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं."

कार्यकर्त्यानं मोबाईल खिशात घातला. पाळकसाहेबांनी भाकर मेजावर ठेवली आणि तिच्यावर पुन्हा फडकं घातलं.

"मग ही मला मोडता येणार नाही, नाथाबा," ते म्हणाले. "चूल लांब आहे का तुमची?"

"नाही साहेब. जवळच आहे."

"मग आम्ही बसतो."

नाथाबानं चपला घातल्या. मागच्या सतरंजीजवळून जाताना तो थांबला. रिबकाबाईच उठली. तिच्यामागून सहा घरांतल्या सहा बायका उठल्या. नाथाबानं घरातून डबा आणला आणि पहिला रिबकाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

ती आतून पीठ घेऊन आली, पण लगेच टाकलं नाही.

"काल मी अशीच उभी होते आणि तुम्ही झाकण लावलंत," ती म्हणाली. "ते मी इतक्यात विसरणार नाही, आधीच सांगते."

"विसरू नका," नाथाबा म्हणाला.

"माझे मालक तुमच्या सालोमीबाईपासून चार हातांवर पुरलेत. त्यांच्यावरूनही ट्रॅक्टर जातो. तुम्हाला काय वाटलं, मला भिंत नको होती?"

नाथाबानं मान खाली घातली. चार वर्षं तो त्या कोपऱ्यात जात होता, पण शेजारच्या कबरीपाशी कोण येऊन बसतं, हे त्यानं कधी धड पाहिलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. रिबकाबाईनं डब्यात पीठ टाकलं. चिमूट नाही, चांगलं मूठभर.

उरलेल्या सहा दारांतलं पीठ घेऊन, कालच्या पिठात मिसळून, त्यानं नवी कणीक मळली. घाईत भाकर एका बाजूला करपली. सगळं होईस्तोवर सव्वा तास गेला. पोरं कंटाळली, तेव्हा पाळकसाहेबांनी पहिली भाकर त्यांना देऊन टाकली आणि त्यांनी नुसत्या भाकरीचाच चट्टामट्टा केला. अप्पासाहेबांना अजून तीन गावं करायची होती. ते निघाले तेव्हा नाथाबा भाकर घेऊन समोरून येत होता.

"बाबा, भिंतीचं आता नंतर बघू," कार्यकर्ता म्हणाला. अप्पासाहेब गाडीत बसले.

नाथाबा आत गेला. पाळकसाहेबांनी विचारलं, "ही भाकर कुणाची?" आणि त्यानं मोठ्यानं सांगितलं, "सगळ्या घरांची." भाकर मोडली गेली. करपलेला तुकडा कुणाच्या वाट्याला गेला ते मात्र कळलं नाही, कारण तक्रार कुणीच केली नाही.

बुधवारी मतदान झालं. नाथाबानं घागरीलाच मत दिलं, रिबकाबाईनं छत्रीलाच. दोघांचंही मत बदललं नव्हतं आणि बदलायचं कारणही नव्हतं. निवडून आले अप्पासाहेब.

गावाला वाटलं, आता म्हातारा तोंड लपवून बसेल. पण तो महिन्याभरानं तालुक्याला अप्पासाहेबांच्या कार्यालयात गेला, आणि एकटा गेला नाही. रिबकाबाईला बरोबर घेऊन गेला. अप्पासाहेबांनी बसा म्हटलं, पण बाईकडे बोट दाखवून विचारलं, "या आपल्याच ना?"

जुना नाथाबा असता तर हो म्हणाला असता.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मी तुम्हाला मत दिलं, यांनी तुमच्या विरुद्ध दिलं. यांचे मालक आणि माझी बायको शेजारी शेजारी पुरलेत. भिंत दोघांना पाहिजे."

अप्पासाहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "बघतो," असं म्हणाले. पुढाऱ्याचं बघतो म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. भिंत झाली, पण सहा महिन्यांत नाही. तीन वर्षं लागली, आणि झाली तीही कमरेएवढीच. ट्रॅक्टरची वाट बंद झाली. शेळ्या मात्र अजून उडी मारून आत येतात. त्या दिसल्या की जो कुणी जवळ असेल तो त्यांना हाकलतो, सालोमीबाईच्या कबरीवरूनही आणि तिच्या शेजारच्या कबरीवरूनही.

तात्पर्य: मत ज्याचं त्यानं आपल्या मनानं द्यावं, पण आपल्या मताला देवाचं नाव देऊन देवाच्या मेजावरून दुसऱ्याला उठवू नये.