चंडकेतूची कोरड

एक राज्य होते, ते नदीच्या अलीकडे होते की पलीकडे हे आता खात्रीने आठवत नाही, आणि ज्यांना विचारावे ती माणसेही उरली नाहीत. पण त्या राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता, एवढे पक्के. त्याने एका मांत्रिकाची पाळलेली हरिणी मारली, भाजवली, आणि घास कोरडा लागला म्हणून ताट भिरकावून दिले. मांत्रिक दारातच उभा होता. तो म्हणाला, "राजा, तू तिला मारलेस आणि वाया घालवलेस. आता तूही असाच सुकशील. आगीवरून उतरलेल्या मांसातले त्याचे स्वतःचे पाणी तुझ्या जिभेला लागेल, त्या दिवशी सुटशील."

तेव्हापासून राजाच्या ओठांशी नेलेले पाणी वाफ होऊन जाई. रस्सा वाटीतच आटे. त्याची कातडी ढोलावरच्या चामड्यासारखी ताणली गेली आणि त्याच्याबरोबर राज्यातल्या विहिरीही खाली खाली गेल्या.

राजाच्या मुदपाकखान्यात तीन भाऊ स्वयंपाकी होते. हुकूम झाला, की शाप सुटेल असे मांस करायला प्रत्येकाला एक डाव. चुकला तर मान उडेल.

थोरल्या रायाजीने घराण्याची रीत धरली. मांस भडक जाळावर धरायचे, बाहेरून कवच आले की त्याचे तोंड बांधले गेले, आतले पाणी आतच राहिले, असे त्यांचा बाप शिकवून गेला होता. रायाजीने एवढा जाळ केला की भिंती तापल्या. राजाने घास चावला, पुन्हा चावला आणि थुंकला. संध्याकाळी रायाजीचे मुंडके वेशीवर लटकत होते.

मधला भानाजी हुशार समजला जाई. पाण्यात बुडालेली वस्तू कोरडी कशी होईल, एवढे कळायला तुला आणखी एक जन्म लागेल, असे त्याने धाकट्याला चिडवले. हंडाभर पाण्यात त्याने मेंढ्याची मांडी टाकली आणि दिवसभर खळखळ उकळली. बाहेर निघाली ती सुतळीसारखी. पाण्यातून आलेली आणि तरी कोरडी. भानाजीही वेशीवर गेला.

उरला सोमाजी. थंड चुलीपुढे तो बसून राहिला. तुळईवर त्या मांत्रिकाने पाळलेली साळुंकी बसली होती.

"सोमाजी, मूठ आवळ," ती म्हणाली.

त्याने आवळली.

"मांस असेच असते. आच लागली की आवळते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. जेवढी कडक आच, तेवढी घट्ट मूठ. मग कवच असो की हंडा."

"माझे भाऊ गेले तेव्हा का बोलली नाहीस?"

"त्यांच्या जाळाचा आवाज मोठा होता. तुझी चूल अजून पेटलेली नाही."

सोमाजीने जाळ केलाच नाही. निखारे बाजूला ओढले, आणि जिथे तळहाताला आच जेमतेम सोसेल, तिथे मांडी टांगून तो ती सावकाश फिरवीत राहिला. राजाचा हुजऱ्या घाई करायला आला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी राजा स्वतःच नागवी तलवार घेऊन आला. चालताना त्याची हाडे वाजत होती.

मांडी तयार झाली होती. सोमाजीने ती उतरवली आणि पळसाच्या पानांनी झाकली.

"काप," राजा म्हणाला.

"नाही, महाराज. आच गेली तरी मूठ लगेच सुटत नाही. आत्ता कापली तर सारे पाणी पाटावर सांडेल."

"मान तुझी आहे."

"ती कापायलाही थोडे थांबावे, महाराज."

राजा चुलीशेजारी बसला. जन्मात पहिल्यांदाच तो कशासाठी तरी थांबला.

मग सोमाजीने सुरी लावली. राजाने घास चावला आणि रस त्याच्या हनुवटीवरून ओघळला. तो रडू लागला, कारण आता डोळ्यांत पाणी होते. राज्यभर रिकाम्या लोंबणाऱ्या बादल्या पाण्याला टेकल्या. शिपायांनी वेशीवरची दोन मुंडकी उतरवली आणि फडक्यात बांधून सोमाजीच्या हाती दिली. साळुंकी उडून गेली.

पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, सोमाजीने एकाच मांडीचे दोन तुकडे तराजूत सारखे तोलून घेतले. एक बापाच्या रीतीने भडक जाळावर भाजला, दुसरा निखाऱ्यांच्या कडेला. मग ते पुन्हा पारड्यांत ठेवले. तोंड बांधलेला तुकडा हलका होऊन वर गेला. कवचाने पाणी अडवले नव्हते. कधीच अडवले नव्हते.