पाळण्यात पाटा

एकदा एक हैबती नावाचा गवंडी होता, गिरजा त्याची बायको, आणि ज्यांच्या हाताखाली तो थापी धरायला शिकला ते तात्या मिस्त्री त्याचे गुरू. हैबतीला मुलगी झाली. त्याच्या मनाने घेतलं, बारसं करीन तर नव्या घरातच.

घराचा स्लॅब तेवढा राहिला होता. ऐन वैशाख. हैबतीने लवकर घट्ट होणारं सिमेंट आणलं, स्लॅब ओतला, पाळण्यासाठी मधोमध कडी पुरली. दुसऱ्या दिवशी वर चढून टाच आपटली, तर खणखणीत! "दगड झालाय नुसता. आता पाणी कशाला मारायचं?"

बारशाला आयाबाया जमल्या. कडीला पाळणा टांगला. तात्या आले, कडीकडे बघतच राहिले. म्हणाले, "आधी पाटा-वरवंटा निजवा."

"वरवंटा ठीक," आत्याबाई हसली, "पण तात्या, पाट्याचं नाव काय ठेवू?"

हैबतीचे कान तापले. चारचौघांत गुरूचाच अविश्वास! पण त्याने पाटा उचलून पाळण्यात ठेवला.

तात्यांनी झोका दिला. वरून पीठ चाळल्यासारखी भुकटी गळली. दुसरा झोका दिला, आणि कडी ढेकळासकट उपटून आली. पाळणा धाडकन आपटला, फळी दुभंगली.

गिरजाने लेकीला छातीशी असं आवळलं की ती रडूच लागली.

तात्यांनी ढेकूळ हैबतीच्या तळहातावर ठेवलं. "चुरड."

ते चुरडलं.

"सिमेंटला दोष देऊ नकोस, बाबा. जे लवकर घट्ट होतं, त्याला तहानही लवकर लागते. तू ते तहानलेलं ठेवलंस. तान्हं रडायचं थांबलं म्हणजे पोट भरलंच असं धरू नये. दमूनही ते गप्प होतं. गिरजाला हे कळतं. तुला कळायला हवं होतं."

बारसं शेजारच्या ओसरीवर झालं. हैबतीने स्लॅब फोडला, त्याच सिमेंटने पुन्हा ओतला. या खेपेला वर मातीची आळी बांधून पाणी साठवलं, कडांना ओलं गोणपाट घातलं. तान्ही उठली की तोही उठे. गिरजा तिला पाजी, हा स्लॅबला.

त्या कडीला मग लेकीचा पाळणा हलला, तिच्या पाठच्या भावाचा हलला, आणि पुढे लेकीच्याही लेकीचं बारसं तिथेच आलं. म्हाताऱ्या हैबतीने आधी पाटा मागितलाच. झोका दिला. वर पाहत राहिला. काही गळलं नाही.

मग त्याने पाटा उतरवला, नातीला आपल्या हाताने पाळण्यात निजवलं, आणि बायकांनी गाणं उचललं.