घाटमाथ्यावरचे सोबतकरी

घाटमाथ्यावरच्या एका गावात भिकशेट नावाचा मिठाचा व्यापारी राहत होता. कोकणातून बैलांच्या पाठीवर मीठ वर आणायचं आणि देशावरच्या बाजारांत विकायचं, हा त्याचा धंदा. धंद्यात बरकत होती, घरात कशाला कमी नव्हतं. पण एका चैत्रात त्याला मोठा ज्वर आला. एकवीस दिवस तो अंथरुणाला खिळून होता. वैद्यानंही हात टेकले होते. बाविसाव्या दिवशी ताप उतरला आणि भिकशेट उठून बसला, तो वेगळाच माणूस होऊन.

त्याला एका जागी बसवेना. जेवताना अर्ध्यातून उठायचा. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना बाहेर जाऊन रस्त्याकडं बघत राहायचा. बायकोनं विचारलं, "अहो, होतंय तरी काय तुम्हांला?"

तो म्हणाला, "मी गेलो असतो, तर मागं काय राहिलं असतं? मिठाची पोती. तीही पहिल्या पावसात विरघळली असती."

आपल्या हातून काहीतरी मोठं चांगलं काम व्हावं, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात भुंग्यासारखी गुणगुणत होती.

चांगलं काम त्या गावात आधीपासून चाललेलं होतं. घाटाची वाट चढून वर आलं, की गावाला यायच्या आधी एक मोठं उघडं पठार लागायचं. पावसाळ्यात त्या पठारावर असं धुकं उतरायचं, की माणसाला स्वतःचे पाय दिसत नसत. पठाराच्या एका अंगाला गाव, तर दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा. वाट चुकलेली माणसं कड्यावरून खाली जायची. म्हणून गावातल्या लोकांनी फार वर्षांपूर्वी आपसांत एक मंडळी उभी केली होती. तिला 'सोबतकरी' म्हणत. पावसाळाभर रोज एका घराची पाळी. त्या घरची दोन माणसं दुपारपासून दिवस मावळेपर्यंत पठारावरच्या एका मोठ्या धोंड्यापाशी उभी राहत. हाक मारत, मग गप्प राहून ऐकत. धुक्यातून कुणाची ओ आली, की एकजण कमरेला दोर बांधून आवाजाच्या दिशेनं चालत जाई. दोराचं दुसरं टोक धोंड्याला बांधलेलं असे. वाटसरूचा हात धरायचा आणि दोर धरून परत यायचं, एवढंच ते काम. कुणी दोर द्यायचं, कुणी घोंगडी, कुणी आलेल्यांसाठी नाचणीची आंबील. या सगळ्याचा मेळ घालायची सगुणाक्का. ती जातीची कुंभारीण. वय झालं होतं, पण कुणाची पाळी कधी हे तिला तोंडपाठ असायचं.

भिकशेट काहीतरी करायचं म्हणतोय, हे सगुणाक्काच्या कानावर गेलं. ती त्याच्या ओट्यावर आली.

"शेट, सोबतकऱ्यांचा दोर झिजलाय. एक नवा दोर द्या. आणि बुधवारची पाळी रिकामी झालीय, ती घ्या."

भिकशेटला हसूच आलं. "आक्का, मी मेलेला परत आलोय. दोर देण्यासाठी आलोय का?"

"दोर लहान नाही, शेट."

"तसं नव्हे. पण काम कसं, दहा गावांना दिसलं पाहिजे."

आक्का उठली. पदर सावरून निघून गेली.

आठच दिवसांत भिकशेटनं गवंडी आणले. धोंड्याशेजारी त्यानं काळ्या दगडाची पक्की इमारत उठवायला घेतली. तो पहाटेच पठारावर जायचा, गवंड्यांच्या मागं उभा राहायचा, "उचला, उचला, पाऊस तोंडावर आलाय," असं म्हणत फेऱ्या घालायचा. मृग निघायच्या आत इमारत उभी राहिली. वर एक मोठी पितळी घंटा टांगली. घंटा वाजवायला खालच्या शहरातून दोन पगारी पहारेकरी आणून ठेवले.

सगुणाक्का बघायला आली. घंटेकडं मान वर करून बराच वेळ उभी राहिली.

"शेट, इमारत चांगली झाली. वाटसरू निवाऱ्याला बसतील. पण ही घंटा नको. हिचा नाद दरीपलीकडच्या कातळावर आपटतो आणि परत येतो. धुक्यात माणसाला वाटेल, घंटा कड्याच्याच बाजूला आहे."

"आणि तुमच्या हाका नाही का आपटत?"

"माणसाची हाक जवळपास राहते. आणि हाक मारून माणूस पुढं जातो. घंटा जागची हलते होय?"

भिकशेटला वाटलं, म्हातारीला पोटदुखी झाली आहे. इतकी वर्षं मान हिचा होता, आता तो आपल्याकडं येणार. त्यानं गावात दवंडी दिली, "आजपासून सोबतीचं काम भिकशेटनं घेतलं. कुणी पावसात भिजायला नको."

लोक थकलेलेच होते. पाळी म्हणजे लावणीच्या दिवसांत दोन माणसं अडकणार, कपडे वाळणार नाहीत, पोरं खोकणार. शेटनं ओझं उचललं म्हटल्यावर सगळ्यांना बरंच वाटलं. पहिल्या दिवशी एक घर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरंही नाही. आठवड्यात सोबतकरी मोडले. दोराचे तुकडे करून कुणी म्हैस बांधली, कुणी विहिरीवर पोहरा सोडला.

भिकशेटचं मन मात्र तरीही थाऱ्यावर येईना. घंटेचा नाद गावापर्यंत यायचा. लोक म्हणायचे, "काय आवाज आहे!" तो ऐकून त्याला घटकाभर गार वाटायचं, की पुन्हा तगमग सुरू.

श्रावणातल्या एका दुपारी असं धुकं पडलं, की गावातली समोरासमोरची दारं एकमेकांना दिसेनात. भिकशेटला दुकानात बसवेना. घोंगडी डोक्यावर घेऊन तो पठारावर निघाला. सवयीच्या वाटेनं, पायाखालच्या दगडांचा अंदाज घेत इमारतीशी पोचला. पहारेकरी आत शेकोटीला बसले होते. एकजण शेकताशेकता घंटेची दोरी ओढत होता.

घंटा वाजली आणि विरली. त्या शांततेत भिकशेटला हाक ऐकू आली. बाईचा आवाज होता, पातळ, लांबून आलेला.

"कुणीतरी आहे!" तो म्हणाला.

"येतील की घंटेच्या आवाजावर," पहारेकरी म्हणाला आणि पुन्हा दोरी ओढली.

नाद गेला. भिकशेटनं कान लावले. हाक आली, पण आधीपेक्षा दुरून. घंटा पुन्हा वाजली. हाक आणखी दूर गेली. जिकडं कडा होता, तिकडं.

भिकशेट पहारेकऱ्यांकडं वळला. "थांबवा! घंटा थांबवा!" तो ओरडला. "चला, उठा, त्यांना आणायला चला!"

पहारेकऱ्यानं दोरी सोडली, पण दोघेही जागचे हलले नाहीत. "शेट, आमचं काम घंटा वाजवायचं. धुक्यात उतरायचं बोलणं झालं नव्हतं."

तो एकटाच बाहेर धावला. वीसएक पावलं गेला असेल. मागं वळून पाहिलं तर इमारत नाही. पुढं काही नाही, खाली काही नाही. सगळं पांढरं. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी जमीन चाचपत, रांगत, कसाबसा भिंतीला येऊन लागला. मग सवयीच्या वाटेनं गावाकडं पळत सुटला.

सगुणाक्का चिखल मळत होती. भिकशेट दारात येऊन उभा राहिला. धापेमुळं त्याला बोलता येईना. एवढंच म्हणाला, "आक्का, माणसं. कड्याकडं."

तिनं चिखलाचे हात झटकले. "घंटा थांबवलीत?"

"थांबवली."

"ते बरं केलंत." आणि ती बाहेर येऊन ओरडली, "अरे मळू! भागिरथे! सोबतीला चलाऽऽ!"

लोक निघाले. दारं उघडली, माणसं आली, कुणी मागं राहिलं नाही. पण दोर कुठं होता? म्हशीच्या गळ्यातला सोडून आणला, विहिरीवरचा काढून आणला, गाठी मारल्या. मळू गवळ्यानं दोर ओढून पाहिला, तो मधोमध तटकन तुटला. झिजलेलाच होता. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

तेव्हा भिकशेटला आपलं कोठार आठवलं. पोती बांधायला आणलेले काथ्याचे नवे कोरे दोर तिथं आढ्याला वेटोळी करून टांगलेले होते. एकदोन नव्हे, वीस-पंचवीस. मागच्या वर्षापासून होते. तो धावत गेला आणि मावतील तेवढी वेटोळी खांद्यांवर टाकून आला. आणताना त्याला वर मान करून बघवत नव्हतं.

मळू कमरेला दोर बांधून धुक्यात शिरला. मागं माणसांची रांग दोर धरून उभी राहिली. शेवटी भिकशेट. मळू हाक मारायचा, मग सगळे श्वास रोखून ऐकायचे. बराच वेळ काहीच आलं नाही. भिकशेटच्या ओठांवर देवाचं नाव येत होतं, पण आवाज करायचा नाही म्हणून तो ते गिळत होता. मग कड्याच्या अंगानं, अगदी लांबून, ओ आली.

दोर ताठ झाला. तळहात सोलवटले. किती वेळ गेला, कळलं नाही. आधी एक बाई धुक्यातून आली. मग मळूनं पाठीवर घेतलेला एक माणूस. तो अंबादास कासार होता आणि ती त्याची बायको गिरजा. श्रावणातल्या सणांसाठी बांगड्या घेऊन ती दोघं घाट चढून आली होती. कड्याच्या काठाला अंबादासचा पाय घसरला आणि तो खालच्या एका टप्प्यावर अडकला. मांडी मोडली होती. गिरजा काठावर पालथी पडून, त्याच्या अंगरख्याचा गळा दोन्ही मुठींत धरून हाका मारत होती. बांगड्यांचा सगळा माल दरीत गेला होता.

त्यांना इमारतीत आणलं, शेकोटीजवळ निजवलं. कुणी मांडीला बांबूच्या कांबी बांधल्या, कुणी घरून आंबील आणली. गिरजाला हातांच्या मुठी उघडता येत नव्हत्या. सगुणाक्कानं तिचं एकेक बोट हळूहळू सोडवलं.

गिरजा थोडी सावरली आणि समोर बसलेल्या भिकशेटलाच तिनं विचारलं, "ती घंटा कुणी बांधली हो? आम्ही वाटेवरच होतो. घंटा ऐकू आली, म्हणून वाट सोडून तिकडं गेलो."

कुणी भिकशेटकडं बघितलंही नाही. त्याला गप्प बसता आलं असतं.

"मी बांधली," तो म्हणाला.

गिरजा त्याच्याकडं बघत राहिली. तिनं शिवी दिली नाही. तोंड फिरवून नवऱ्याच्या अंगावरची घोंगडी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकशेट आक्काच्या दारी गेला. डोळे तांबारलेले होते. "आक्का, मी ती इमारत पाडून टाकतो. तुम्ही सोबतकरी पुन्हा उभे करा. म्हणाल ते देतो."

"पाडताय कशाला? भिंती चांगल्या आहेत. लाकडं कोरडी राहतील, माणूस निजेल. घंटा तेवढी उतरवा."

"आणि सोबतकरी?"

"ते मी कसे उभे करू? घरोघरच्या माणसांनी काम सोडलंय. तुमच्या एका शब्दावर सोडलंय. आता घरोघरी तुम्हीच जा."

भिकशेटनं घंटा उतरवली आणि तो घरोघरी गेला. कुठं ओट्यावर बसवून घेतलं, कुठं उभ्यानंच वाटेला लावलं. एकजण म्हणाला, "शेट, तुम्ही घेतलं होतं ना अंगावर? मग तुम्हीच निस्तरा." एकानं दारच उघडलं नाही. मोडायला आठवडा पुरला होता. जुळवायला गौरी-गणपती होऊन गेले, तरी तीन घरं परत आली नाहीत ती नाहीतच. त्यांच्या पाळ्या बाकीच्यांनी वाटून घेतल्या. अंबादास चालता होईपर्यंत त्याचं बिऱ्हाड भिकशेटच्या घरी राहिलं. पुढच्या मालाचं भांडवलही भिकशेटनंच घातलं. गिरजा त्याच्याशी गरजेपुरतंच बोलायची. त्यानंही त्याहून जास्त मागितलं नाही.

बुधवारची पाळी त्यानं घेतली.

पहिल्या दिवशी मळू त्याच्यासोबत उभा राहिला. हाक मारणं भिकशेटला लगेच जमलं. हाक मारून झाल्यावर गप्प उभं राहणं जमेना. तो पाय हलवायचा, खोकायचा, काहीतरी बोलायला जायचा. मळू बोट ओठांवर ठेवायचा. "शेट, हाक त्यांना ऐकू जायला असते. गप्प राहणं आपल्याला ऐकू यायला."

दुपार गेली. धुक्यातून पाणी ठिबकत होतं. भिकशेट हाक मारत होता आणि ऐकत होता. दिवस मावळला, तेव्हा तो नखशिखान्त भिजून गावात उतरला.

सगुणाक्का दारातच होती. "आलं का कुणी?"

"नाही."

"मग बरं झालं."

"हो," तो म्हणाला, "बरं झालं." आणि खांद्यावरचा दोर सावरत गवळवाड्याकडं चालू लागला. गुरुवारची पाळी भागिरथीच्या घरची होती, तिला दोर पोचवायचा होता.

तात्पर्य: चांगलं काम करायची तळमळ लागली, की आधी आपल्याच गावात ते काम कोण करतंय ते बघावं, आणि त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारावं. चालत्या कामाला लावलेला एक हात आपल्या नावाच्या मोठ्या देणगीपेक्षा जास्त माणसं वाचवतो.